हिवाळ्यातली शाळा : दिवाळी ते संक्रांत पोरांना काय काय देता येतं?

माळावरची_शाळा

नमस्कार मंडळी,

मी जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, म्हणजे दोन-दोन इयत्ता एका खोलीत. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी एकच विषय डोक्यात घोळतो, तो आज इथे मांडतोय. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

माझं म्हणणं असं, की दिवाळी ते संक्रांत हे प्राथमिक शाळेचे वर्षातले सगळ्यात कसदार दिवस आहेत. आभाळ निरभ्र, ऊन सोसवणारं, रानात ज्वारी-हरभरा-गहू उभा, तारेवर परगावचे पक्षी. पावसाळ्यात पोरांना अंगणात बसवता येत नाही आणि होळीनंतर पत्र्याखाली बसवत नाही. परिसर अभ्यासाचा मोठा भाग आणि बरंचसं गणित या दिवसांत कुंपणाच्या आत-बाहेर उघड्यावर पडलेलं असतं. आणि नेमके हेच दिवस आपण गॅदरिंगच्या तालमींना देऊन टाकतो. डिसेंबर लागला की दुपारनंतर स्पीकर सुरू, आणि वही बंद ती थेट जानेवारीत उघडते.

आमच्याकडे काय चालतं ते सांगतो.

एक मीटरची सरळ काठी पटांगणात रोवायची आणि दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे हे मधल्या वारीच करावं लागतं. पोरांना पहिला धक्का असा बसतो, की बाराला सावली सगळ्यात आखूड नसतीच. आमच्याकडे २२ डिसेंबरच्या सुमारास ती साडेबारा वाजून गेल्यावर सगळ्यात आखूड होते. कारण घड्याळ अख्ख्या देशाचं एक आहे, ते प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. दुसरी गंमत लांबीची. नोव्हेंबरच्या २२ तारखेच्या आसपास माध्यान्हीची सावली ८२ सेंटिमीटर भरते, २२ डिसेंबरला ९२, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ८१ आणि फेब्रुवारीच्या २२ ला जेमतेम ५६. हे आकडे भिंतीवर लावले की चौथीच्या पोराला 'दक्षिणायन' पाठ करावं लागत नाही. मे महिन्यात एक दिवस ही सावली काठीच्या बुडाशीच सामावते, पण तेव्हा शाळेला सुट्टी. तो दिवस पोरं घरी बघतात.

दुसरं, ज्वारीचं कणीस. हुरड्याच्या दिवसांत एक भरलेलं कणीस वर्गात आणायचं, आधी प्रत्येकाने दाण्यांचा अंदाज फळ्यावर लिहायचा. कुणी शंभर लिहितो, कुणी दोनशे. मग दाणे काढायचे आणि दहा-दहाचे ढीग करायचे. दहा ढिगांचा एक शेकडा, तो कागदाच्या पुडीत. पुड्या दहा झाल्या की हजार. आणि ताटलीत दाणे उरलेलेच असतात! हजार म्हणजे केवढं, हे पुस्तकातल्या चौकोनांनी कळत नाही, इतकं त्या पुड्यांनी कळतं. माझ्या दुसरीतल्या एका मुलीने पुड्या मोजून झाल्यावर विचारलं, "गुरुजी, मग आमच्या वावरात किती?" त्यानंतरचे दोन तास मला काही शिकवावं लागलं नाही. वावराच्या ओळी, ओळीतली ताटं, सगळा हिशेब त्यांनीच मांडला.

तिसरं, आकाश. डिसेंबरच्या अखेरीस संध्याकाळी सातच्या पुढे पूर्वेला मृग वर येतो. चार पाय, पोटात बाणाचे तीन तारे. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, उलट्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांच्या थोडं वर लागतात. तिसरी-चौथीच्या पोरांना मी सांगतो, "आज जो उजेड तुमच्या डोळ्यांत येतोय, तो तिथून निघाला तेव्हा तुम्ही नुकते जन्मला होता." त्यावर पोरं गप्प होतात आणि मग घरी जाऊन आईला वर बघायला लावतात.

आमच्या तालुक्यातच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना आसपासच्या गावांपर्यंत गेलेल्या. काही पोरांच्या घराच्या ओट्यावरून तबकडी दिसते. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, गावोगावच्या शाळा जातात. हिवाळ्यात उघड्या डोळ्यांनी आकाश पाहिलेलं पोर तिथे गेलं की नुसतं तबकडीसमोर फोटो काढून परत येत नाही, ते प्रश्न विचारतं.

तुमच्याकडे काय होतं? आणि गॅदरिंगचं काय करायचं?

---

गोदाकाठ

सर, निफाडहून लिहितेय. थंडी म्हटलं की पेपरात आमचं नाव ठरलेलं! पोरांना त्याचा भारी अभिमान. पण हा पारा मोजतो कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ती नोंद होते, हे कळल्यावर वर्गाने ठरवलं की आपणही मोजायचं.

दोन साधे तापमापक घेतले. एक वर्गात, एक लिंबाच्या झाडाला सावलीत. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना नोंद. ज्यांचं घर जवळ आहे त्यातली दोघं सकाळी साडेसहाला वडिलांबरोबर येऊन वाचून जातात. पेपरातला आकडा आमच्यापेक्षा कमी असतो, मग भांडण सुरू, आपलं चुकलं की त्यांचं? केंद्रात पहाटेच्या किमान तापमानाची नोंद घेतात, आपण उजाडल्यावर वाचतो, शिवाय आपलं यंत्र झाडाखाली आणि भिंतीच्या जवळ. हे उत्तर पोरांनी स्वतः शोधलं. ढगाळ रात्रीनंतर पारा चढलेला असतो, हे तर त्यांनी आठवड्याभरात पकडलं. द्राक्षबागायतदारांची पोरं आहेत, थंडी वाढली की घरात कशी धावपळ होते ते बघत मोठी झालीत. बागेत शेकोट्या का पेटवतात, पहाटे पाणी का देतात, मण्यांना तडे का जातात, हे मला त्यांनी सांगितलं आणि मी फळ्यावर लिहून घेतलं.

एक अगदी बिनखर्चाचा प्रयोग सांगते. थंडीत पोरांचे हातपाय उलतात, म्हणून शाळेत खोबरेलाची बाटली ठेवलेली असते. सकाळी ती दगडासारखी. तीन वाट्या घ्यायच्या : खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, साजूक तूप. पहिल्या तासाला कोण गोठलंय ते लिहायचं. मग वाट्या उन्हात ठेवून शेजारी तापमापक, आणि खोबरेल कधी पातळ होतं यावर नजर. पारा चोविसाच्या आसपास गेला की ते सुटायला लागतं. शेंगदाण्याचं तेल सकाळीही पातळच असतं. तूप रवाळ राहतं, त्याला जास्त ऊब लागते. प्रयोग झाला की खोबरेल हातापायाला लावायचं. काहीच वाया जात नाही.

---

शेवंती_पुणे

मी शिक्षिका नाही, पालक आहे. धागा वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी पुण्यातल्या एका खासगी शाळेत दुसरीत आहे. गेल्या हिवाळ्यात तिची 'ॲन्युअल डे'ची तालीम नोव्हेंबरपासून सुरू होती. रोज दोन तास. ती मागच्या ओळीत, चार मिनिटांच्या गाण्यात. कपडे ठरलेल्या दुकानातून भाड्याने, मेकअपचे पैसे वेगळे. त्या काळात घरी अभ्यासाच्या सूचना मात्र मोबाईलवर येत राहिल्या, 'हा भाग घरी करून घ्या'. पोरीला विचारलं, तुझ्या नाचाचं गाणं कशाबद्दल आहे? तिला सांगता आलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सर, तुमची काठी आम्ही सोसायटीच्या गच्चीत लावतोय. पुण्यात सावली किती यायला हवी?

---

माळावरची_शाळा

शेवंतीताई, पुण्यात २१-२२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली साधारण ९० सेंटिमीटर. काठी ओळंब्यात उभी हवी, दोऱ्याला दगड बांधून तपासा. गच्चीचा उतार असतो, त्याकडे लक्ष द्या. मुलीलाच खडू धरू द्या.

---

रंगपेटी

गॅदरिंगवर एवढा राग नको, मंडळी. मी कलाशिक्षक आहे, आता निवृत्त. वर्गात तोंड न उघडणारं मूल रंगमंचावर उभं राहून खणखणीत बोललेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि नंतर ते वर्गातही बोलायला लागलेलं पाहिलंय. गावात वर्षातून एकदा सगळे आई-बाप शाळेत येतात ते त्याच रात्री. शाळेच्या भिंतीला रंग, नळाला तोटी, वर्गाला पंखा, अशा कितीतरी गोष्टींची वर्गणी त्या एका रात्रीच्या आपुलकीतून उभी राहते. ते सोडून कसं चालेल?

दोष संमेलनाचा नाही, बसवण्याच्या पद्धतीचा आहे. तयार गाणं लावायचं आणि पोरांनी मोबाईलवरच्या नाचाची नक्कल करायची, यात मुलाचं स्वतःचं काही नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते, ती आम्ही कशी केली ते सांगतो. डिसेंबरात मुलांना एकच काम दिलं : घरातल्या किंवा गल्लीतल्या आजीला विचारायचं, तू शाळेत गेलीस का, किती शिकलीस, का सुटली. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणायचं, सुधारायचं नाही. 'धाकट्या भावाला कोण सांभाळंल', 'नदीपल्याड साळा होती, पावसाळ्यात बंद', 'चौथीत हुते आन् लगीन झालं'. या उत्तरांचंच नाट्यवाचन झालं. समोर त्याच आज्या बसल्या होत्या. एका आजीचं वाक्य नातीने म्हटलं तेव्हा ती आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझं हाय." १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ही ओळ पाठ्यपुस्तकात असते. ती ओळ त्या रात्री पोरांना खरी कळली. याच्या तालमींना आम्ही भाषेचे तास वापरले, कारण ते भाषेचंच काम होतं.

---

माळावरची_शाळा

रंगपेटी सर, हे मान्य. अशा संमेलनाला दुपारचे सगळे तास दिले तरी मला वावगं वाटणार नाही. आजीचं काम यंदा आमच्याकडे होणार.

---

केंद्रातला_माणूस

बालआनंद मेळाव्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. हिवाळ्यात ताजी भाजी मुबलक, त्यामुळे पोरांचा बाजार याच दिवसांत भरतो. पण बहुतेक ठिकाणी आई भजी तळून देते, पोर गल्ल्यावर बसतं आणि संध्याकाळी गल्ला मोजून 'नफा ३५० रुपये' असं फळ्यावर लिहिलं जातं. तो नफा नसतो, ती विक्री असते. तेल, बेसन, गॅस आणि आईची मेहनत कुणी धरलेलीच नसते.

मेळाव्याआधी प्रत्येकाने एक पान भरावं : काय आणलं, कितीला पडलं, उरलं तर त्याचं काय करणार. घरची मेथी आणली तरी त्या दिवशीचा बाजारभाव विचारून लिहायचा. शेवटच्या तासाला भाव का पाडावा लागला, हेही लिहायचं. दुपारी सुकलेली कोथिंबीर निम्म्या भावात दिलेल्या पोराला तोटा समजावून सांगावा लागत नाही. हे पान भरून घ्यायला शिक्षकाला पाऊण तास लागतो. तेवढा काढा, एवढीच विनंती.

---

बालाघाट

सगळं वाचलं. छान वाटलं, पण मनातलं लिहितो.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. आमच्याकडे हिवाळा म्हणजे वर्ग रिकामा होण्याचे दिवस. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांच्याबरोबर पोरं. पटावर तीस नावं असतात तिथे समोर पंधरा-सोळा बसतात. गाळप संपून माणसं परत येतात तेव्हा मार्च उलटलेला असतो. तुम्ही म्हणता ते वर्षातले सगळ्यात कसदार दिवस आमची निम्मी पोरं उसाच्या फडात काढतात.

काही पोरं मागे राहतात, आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. त्यांच्यासाठी हिवाळी उपक्रम म्हणजे आधी रात्रीचं जेवण वेळेवर मिळणं आणि दुपारनंतर कुणीतरी लक्ष ठेवणं. आईची आठवण थंडीत जास्त येते. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते आठ शाळेच्या वऱ्हांड्यात पोरं जमतात. अभ्यास अर्धा तास, बाकी गोष्टी, भेंड्या, कॅरम. आठवड्यातून एकदा फोनवरून आई-बापाशी बोलणं. पहिली-दुसरीची पोरं त्याआधी पाटीवर लिहून काढतात की आईला काय सांगायचं. यापेक्षा चांगला लेखनाचा उपक्रम मला अजून सापडलेला नाही. एका पोराने लिहिलं होतं, 'शेळीला पिल्लू झालं. काळं आहे. तू आल्यावर नाव ठेवू.'

जी पोरं जातात त्यांच्याबरोबर आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. कार्ड आहे, पण तिथे त्यांना शोधून शाळेत आणणारं कुणी असेल तर त्याचा उपयोग. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, गावाबाहेर असतात, टोळी आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या. सर, तुमचा भाग उसाचा. तुमच्या कुंपणाबाहेर हिवाळ्यात जी पोरं दिसतात ती आमची असतात. ती तुमच्या काठीपाशी असतात का?

---

माळावरची_शाळा

बालाघाट सर, प्रश्न नेमक्या जागी विचारलात. उत्तर देतो.

असतात, पण सगळी नाहीत. आमच्या वाडीजवळ टोळी उतरली की पहिल्या दोन-तीन दिवसांत आम्ही दोघांपैकी एक जण कोपीवर जातो. सकाळी जाऊन उपयोग नाही, पहाटेच माणसं फडात गेलेली असतात आणि पोरगी धाकट्याला घेऊन बसलेली असते. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा जायचं. 'धाकट्यालाही घेऊन ये' असं म्हटलं तरच थोरली येते. आमच्या अंगणवाडीताई त्या धाकट्यांना सामावून घेतात, त्यांचे उपकार मोठे आहेत. दुपारचा शाळेतला आहार मिळतो हे आईला सांगावं लागतं. त्याने निर्णय सोपा होतो.

ही पोरं वर्गात आल्यावर सुरुवातीला भिंतीला टेकून गप्प बसतात. काहींची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची, आमच्या पोरांना ती कळत नाही. पण फडातला हिशेब निघाला की चित्र पालटतं. एका मोळीत अंदाजे किती ऊस, गाडीत किती मोळ्या, एका खेपेला किती टन, वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंढी कितीला जाते, हे त्यांना तोंडपाठ असतं. मी चौथीच्या गुणाकाराची उदाहरणं त्यांच्याकडून घालून घेतली आहेत. गावातली पोरं सोडवतात, ही तपासतात. त्यानंतर मधल्या सुट्टीत कबड्डीच्या दोन्ही संघांत ती खेळताना दिसतात.

आकाशदर्शनाला मात्र ती येऊ शकत नाहीत, आणि ही आमची मोठी अडचण आहे. ऊस तोडला जातो तसा बिबट्या फडाबाहेर पडतो. अंधार पडल्यावर पोरांना वाटेवरून चालवत नेणं आमच्याकडे धोक्याचं आहे, आणि कोपीला तर दारही नसतं. म्हणून गावातल्या पोरांचा कार्यक्रम आम्ही शाळेच्या गच्चीवर, पालकांसोबत घेतो आणि प्रत्येक मूल मोठ्या माणसाच्या हाताला धरूनच घरी जातं. टोळीतल्या पोरांसाठी दिवसाच मोठ्या काळ्या कागदावर टाचणीने भोकं पाडून मृग करतो आणि तो खिडकीच्या उजेडासमोर धरतो. मग रात्री ती कोपीसमोर आई-बापाजवळ बसून आकाशात तो आकार ओळखतात. दुसऱ्या दिवशी सांगायला पळत येतात.

---

पाखरू

फार मोलाचं चाललंय. मी पक्षीनिरीक्षक आहे, शाळांमध्ये जाऊन दाखवतो. दोन गोष्टी जोडतो.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ डॉ. सलीम अलींच्या. दिवाळीची सुट्टी कधी कधी त्यात येते, तेव्हा शाळा उघडल्यावर पहिला आठवडा धरा. दुर्बिणीशिवाय दिसणारे पाहुणे आधी घ्या. शाळेच्या भिंतीवर, गवंड्याने सोडलेल्या विटांवर हिवाळ्यात थिरथिरा येऊन बसतो. बसल्या जागी शेपूट सतत थरथरवतो, त्यावरून पहिलीचं मूलही ओळखतं. मोकळ्या मैदानावर शेपूट वर-खाली करत तुरूतुरू चालणारा धोबी. आणि ज्वारीच्या रानात भोरड्यांचे थवे. यांची वीण युरोपच्या पूर्व भागात आणि मध्य आशियात होते. तिथून एवढा पल्ला मारून त्या आपल्या कणसावर उतरतात. ढग हलावा तसा तो थवा वळतो, तेव्हा पोरांना रांगेत उभं करण्याच्या भानगडीत पडू नका, बघू द्या. शेतकऱ्याची पोरं भोरड्यांना हुसकायला गोफण घेऊन माळ्यावर बसलेली असतात. त्यांना विचारा थवा कुठल्या वेळी येतो. वहीत लिहिण्यासारखी माहिती त्यांच्याकडे असते.

नोंद साधी ठेवा : तारीख, वेळ, जागा, काय करत होता. पहिला थिरथिरा कधी दिसला आणि शेवटचा कधी, एवढ्या दोन तारखा दरवर्षी शाळेच्या एकाच वहीत लिहिल्या तरी पाच वर्षांनी ती वही मला बघायला यायला आवडेल. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर पक्षीगणना होते, तिच्यात पंधरा मिनिटांची मोजणीही चालते. शाळांनी जरूर भाग घ्यावा.

---

मिनेसोटातून

नमस्कार. मूळची सांगलीची, आता मिनिॲपोलिसला. माझा मुलगा इथल्या प्राथमिक शाळेत तिसरीत आहे आणि रविवारी मी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते.

इथे हिवाळ्याचं स्वरूपच वेगळं. मुलांना बर्फातही मधल्या सुट्टीत बाहेर सोडतात, पण प्रत्येकाने बर्फाची विजार, बूट, मोजे, टोपी घालायचीच. पहिलीच्या मुलांना हे सगळं चढवायला-उतरवायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरलेला असतो. वाऱ्यासकट थंडी शून्य फॅरनहाइटच्या खाली गेली की मात्र सुट्टी आतच. ज्या मुलांकडे कपडे नाहीत त्यांच्यासाठी शाळेच्या कपाटात जादाचे जोड ठेवलेले असतात, आणि ते कुणाला दिले याची वाच्यता होत नाही. हे मला फार आवडतं. स्वेटर नसलेली पोरं आपल्याकडेही असतात, सकाळच्या शाळेला कुडकुडत येतात. शाळेत असं एक कपाट करता येईल.

मला काठीचा उपक्रम हवाय. आमच्या मराठी शाळेतली मुलं आणि तुमच्या वाडीतली मुलं एकाच दिवशी सावली मोजू शकतील का? इथे जमीन गोठलेली असते, काठी रोवता येत नाही. बादलीत बर्फ ठासून त्यात उभी करू.

---

माळावरची_शाळा

ताई, यासारखं दुसरं काही नाही! जरूर. तुम्ही ४५ अंश उत्तरेला, म्हणजे त्या दिवशी तुमचा सूर्य माध्यान्हीला क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर. आमच्या ९२ सेंटिमीटरच्या जागी तुमची सावली अडीच मीटर पडेल. तुमच्याकडे ती वेळ सव्वाबाराच्या जरा आधी येईल. बर्फाचा थर सपाट करून घ्या. तुमचा रविवार २१ किंवा २२ च्या जवळ जो येईल तो धरा, दोन-तीन दिवसांनी फारसा फरक पडत नाही. फोटोत काठी, सावली आणि मोजपट्टी तिन्ही दिसू द्या. पोरं एकमेकांना मराठीत चिठ्ठ्या लिहितील. आमच्याकडच्यांना पहिला प्रश्न पडेल तो मी आत्ताच सांगतो : बर्फात मांजरं कुठे जातात?

---

गोदाकाठ

कपाटाची कल्पना मी उद्याच शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवते. पोरं वाढतात, स्वेटर आखूड होतात आणि ट्रंकेत पडून राहतात. गावात मागितलं तर मिळतील. फक्त धुऊन, बटणं लावून ठेवायचे आणि सगळ्यांसमोर वाटायचे नाहीत.

संक्रांतीबद्दल एक राहिलंच. आदल्या दिवशी भोगीची भाजी आम्ही शाळेतच करतो. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, वर तीळ. ज्याच्या रानात जे आहे ते त्याने मूठभर आणायचं. ज्याच्याकडे रान नाही त्याने तीळ निवडायचे किंवा शेंगा सोलायच्या. भाजी एका पातेल्यात शिजते आणि सगळ्यांची असते. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी आया येऊन थापतात. कोणती भाजी वेलीवर, कोणती जमिनीखाली, कोणती शेंगेत, याचा तक्ता पोरं आधीच करतात. टोळीतली पोरं आमच्याकडेही असतात. त्यांच्या आया त्या दिवशी फडावरून लवकर सुटू शकत नाहीत, म्हणून डबे भरून पोरांबरोबर कोपीवर पाठवतो.

---

शेवंती_पुणे

काल गच्चीवर काठी लावली. सोसायटीतली अकरा मुलं आली. सावली सगळ्यात आखूड झाली ती साडेबाराच्या आसपास, मुलीने स्वतः खडूने वेळ लिहिली. रंगपेटी सर, तुमचं आजीचं काम मी पालकसभेत मांडलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, करून बघू. आमच्याकडच्या बऱ्याच आज्या पदवीधर आहेत, पण त्यांच्या आयांना विचारलं तर काय निघेल याची मलाच उत्सुकता आहे.

---

बालाघाट

माळावरची_शाळा सर, तुमचं उत्तर शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्याकडून यंदा गेलेली काही पोरं तुमच्याच पट्ट्यात उतरली आहेत असं मुकादमाकडून कळलंय. कारखाना, गाव आणि मुकादमाचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. कार्डं पोरांच्या आयांकडे आहेत, बहुतेक पीठाच्या डब्यात ठेवलेली असतील, विचारा. तिसरीतल्या मुलीला लांबचं दिसत नाही, चष्मा मंजूर झालाय पण यायचा आहे. तोवर तिला फळ्याजवळ बसवा. आणि दुसरीतला एक आहे, तो वाचायला लागलाय नुकताच, जोडाक्षरांवर अडतो. त्याला रोज पाच ओळी वाचायला लावा, नाहीतर मार्चपर्यंत विसरेल.

---

माळावरची_शाळा

निरोप मिळाला. ते गाव आमच्यापासून दोन कोसांवर आहे, तिथल्या शाळेतल्या मॅडम ओळखीच्या आहेत. त्यांना आत्ताच फोन केला. उद्या संध्याकाळी आम्ही दोघं कोपीवर जातोय. मुलीचा चष्मा आला की आमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा, मी नेऊन देतो.